उघाडीवरचं ताट

१

बांधपाड्याचा काशीराम नाहीसा झाल्याची वर्दी आली, तेव्हा पनवेलचे फौजदार कमळाकर टिपणीस पाटावर बसायच्या बेतात होते. सन शेहेचाळीसची दिवाळी नुकतीच सरली होती. चार दिवस गोडधोड खाऊन तोंड गोडमिट्ट झालं होतं आणि आज कुठे घरात ताजी पापलेटं आली होती. टिपणीस जातीचे कायस्थ, मासळीशिवाय जेवण म्हणजे त्यांच्या लेखी उपासच. तव्यावर पहिला तुकडा चुरचुरतोय तोच शिपाई दारात येऊन म्हणाला, "साहेब, बांधपाड्याला खून झालाय म्हणतात."

टिपणीसांनी एकदा तव्याकडे पाहिलं, एकदा शिपायाकडे, आणि मुकाट्यानं टोपी उचलली. पुढचे काही दिवस बांधपाड्यानं त्यांचा जो तिरसटपणा सोसला, त्याचं मूळ त्या तव्यात होतं, असं त्यांच्या पत्नी पुढे सगळ्यांना सांगत.

बांधपाडा गव्हाणच्या वाटेवर, खाडीला अगदी चिकटून. मातीचा लांबलचक बांध, बांधाच्या अलीकडे भातशेती, पलीकडे खाडी आणि मिठागरं. बांधात एके ठिकाणी उघाडी, म्हणजे पाण्याचं दार. शेतातलं जास्तीचं पाणी ओहोटीला तिथून बाहेर सोडायचं. भरती यायच्या आधी लाकडी फळ्या बसवून, फटी चिखलानं लिंपून दार बंद करायचं. खारं पाणी एकदा आत शिरलं की उभं पीक तर गेलंच, पण पुढची दोन-तीन वर्षं जमीनही रुसून बसते. सारं गाव त्या फळ्यांच्या भरवशावर झोपायचं आणि त्या फळ्या बघायचं काम काशीरामचं.

टिपणीस पोचले तेव्हा पाणी लांब गेलं होतं. उघाडीच्या तोंडाशी, खाडीकडच्या चिखलात, काशीरामचा पंचा पडला होता. शेजारी त्याची काठी, मधोमध मोडलेली. आणि वर बांधावर बुटांचे ठसे, खिळे मारलेल्या जाड लष्करी बुटांचे. ते उघाडीपर्यंत आले होते, तिथे बराच वेळ घुटमळले होते.

"बूट घालतो कोण इथे?" टिपणीसांनी विचारलं.

जमलेल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. बोलला तो काशीरामचा चुलतभाऊ देवजी. "एकच हाय, सायेब. कालच्या सांजेला आला. लढाईवरनं."

"नाव?"

"अनंता. आमच्या हौसाबाईचा धाकला. आल्या आल्या गावात उभा राहून काय बोलला, ते यांनाच विचारा. म्हनाला, काशीराम कुठं हाय? त्याचा हिशोब करायला आलोय."

टिपणीस वाकले. पंचा दोन बोटांनी उचलून त्यांनी उलटापालटा केला, नाकाशी नेला, आणि कपाळाला आठी घालून तसाच धरून राहिले.

"पहाटे भरती येऊन गेली ना?"

"आली की. हितवर पानी होतं," देवजी कमरेला हात लावून म्हणाला.

त्यांच्या हातातला पंचा कोरडा ठणठणीत होता.

२

अनंता ओटीवर बसला होता. अंगावर खाकी शर्ट, पायात तेच बूट, उजव्या गालावर भाजल्याचा डाग. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लष्करी लॉरी चालवत होता तो. आत चुलीपाशी त्याची आई, हौसाबाई. बारीकशी, वाकलेली, पण हात चपळ. गावातली सुईण तीच. अर्धं गाव तिच्याच हातात पहिलं रडलेलं.

"काशीरामला मारायचं होतं तुला?" टिपणीसांनी सरळच विचारलं.

"हो."

"मारलंस?"

"नाय." अनंतानं मान खाली घातली. "मना मिळालाच नाय तो."

मग त्यानं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी उधाणाच्या भरतीला उघाडीपाशी बांधाला खांड पडली. खांड बुजवायला त्याचा थोरला भाऊ जगन पाण्यात उतरला आणि गेला. राखण होती काशीरामची, आणि काशीराम जाग्यावर नव्हता. ही हकिगत अनंताला समजली ती इंफाळच्या लष्करी दवाखान्यात, शेजारच्या खाटेवरच्या गव्हाणच्या एका गड्याकडून. गालाची कातडी सोलवटलेली, उठून बसता येत नाही, आणि कानावर हे.

"तिथं पडल्या पडल्या शपथ घेतली, सायेब. ज्या उघाडीत माजा भाऊ गेला, त्याच उघाडीत याला घालीन. त्याच्यावरच जगलो मी. डाक्टर म्हनायचा, अनंता, तू जगतोस कशावर? मी म्हनायचो, हाय एक काम घरी." तो खिन्नपणे हसला. "काल आलो, बांधावर गेलो, भाऊ गेला ती जागा बघितली. म्हटलं सकाळी काशीरामच्या दारात जाऊ, उजेडात, सगळ्यांच्या देखत. आनी सकाळी देवजी बोंबलत आला, की काशीराम गेला. आता सांगा, मी काय करू?"

टिपणीसांनी वीस वर्षांत खुनी बरेच पाहिले होते. कोणी रडायचे, कोणी उलटून बोलायचे, कोणी देवाच्या शपथा घ्यायचे. पण शिकार दुसऱ्यानंच नेली म्हणून रुसलेला हा पहिलाच. त्यांना मनातून त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचा राग आला.

"गाव सोडून जायचं नाही," ते करड्या आवाजात म्हणाले. "अलिबागच्या साहेबांना उत्तर मला द्यायचंय. पौर्णिमेपर्यंत काही दुसरं निघालं नाही, तर मी तुला बेड्या घालून नेणार. आणि मग फासापासून तुला वाचवणं माझ्या हातात राहणार नाही."

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. हौसाबाई दारात आली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"फास?" ती म्हणाली. "याला कशाला फास? काशीराम तर पान्यात गेला ना, सायेब? खाडीनं नेला त्याला. माज्या पोरानं काय केलं?"

"आजी, खाडी माणसाची काठी मोडून ठेवत नाही."

हौसाबाई तिथंच उंबऱ्यावर बसली. एक मुलगा पाण्यानं नेला होता, दुसरा लढाईतून जिवंत परत आला तर त्याला सरकार न्यायला निघालं होतं. टिपणीसांना तिच्याकडे बघवेना. ते उठले, बाहेर पडले आणि विनाकारण शिपायावर खेकसले.

३

पंचा कोरडा होता, याचा अर्थ टिपणीसांनी घरी जाईपर्यंत लावून टाकला. पहाटे कमरेएवढं पाणी आलेल्या जागी पंचा पडलेला असता, तर एक तो वाहून गेला असता, नाहीतर चिंब भिजून वाळला असता आणि त्यावर मिठाची पांढरी कड धरली असती. म्हणजे पाणी ओसरल्यावर, सकाळी, तो कोणीतरी तिथे आणून ठेवला. आणि खून करणारा माणूस खून लपवतो. मेलेल्याच्या वस्तू मांडून ठेवत नाही. काशीराम मेला असं गावाला वाटायला हवं होतं कुणाला तरी.

कुणाला?

पहिला देवजी. उघाडीच्या तोंडाशी जाळं लावून जी मासळी मिळते, तिच्यावर राखणदाराचा हक्क. काशीराम पडला माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, मासळीला बोटसुद्धा लावणार नाही. ती मासळी तो गावात वाटून टाकी आणि देवजीचा जीव तिळतिळ तुटे.

"तुला व्हायचंय ना राखणदार?" टिपणीसांनी त्याला बांधावरच गाठलं.

"व्हायचंय म्हंजे काय, झालोच की," देवजीनं छाती काढली. "काशीराम गेल्यापासनं फळ्या कोन बघतं? मीच. रोज."

टिपणीसांनी उघाडीकडे पाहिलं. फळ्या चोख बसल्या होत्या. फटी लिंपलेल्या, पाणी ठिबकतसुद्धा नव्हतं. हे त्यांनी कालच पाहून ठेवलं होतं, आणि बोटानं उकरूनही पाहिलं होतं.

"चिखलात काय घातलंस रे, धरून राहायला?"

"पेंढा, सायेब. दुसरं काय घालनार?"

"भाताची कापणी व्हायचीय अजून. गेल्या वर्षीचा पेंढा तुझ्याच बैलांनी श्रावणात संपवला, असं तुझी बायको शिपायाला सांगत होती. आणि फटीत आहे खाडीकडच्या तिवराचा पाला. देवजी, तू या फळ्यांना हातसुद्धा लावलेला नाहीस."

देवजीची छाती होती तिथं गेली. त्यानं कबूल केलं. त्याला वाटलं होतं कोणीतरी करतंय, नाव आपलं होतंय तर होऊ दे. पण काशीरामला त्यानं काही केलं नाही. सकाळी जाळं बघायला आला, पंचा दिसला, ओरडत सुटला, एवढंच.

"तुझ्याआधी बांधावर कोण आलं होतं?"

"कोन नाय."

"नीट आठव."

"कोनपन नाय, सायेब."

पाड्यातली दहा घरं विचारून झाली. फळ्या कोण बसवतं? प्रत्येकाला वाटत होतं, शेजारचा. त्या सकाळी बांधावर कोण गेलं? कोणीच नाही.

मग काशीरामची बायको, ठमाबाई. ती अंगणात भात सडत होती. जवळ तिची तीन वर्षांची भागी एका पत्र्याच्या रिकाम्या डब्याशी खेळत होती. बिस्किटांचा लष्करी डबा, अनंतानं गावात आल्या आल्या पोरांना वाटलेल्यातला. कुणाची पोर हे त्याला ठाऊकही नसावं.

"नवरा बेपत्ता आणि तुम्ही भात सडताय, बाई?"

"सडला नाय तर पोर काय खाईल, सायेब?"

उत्तर बरोबर होतं. डोळे सुजलेले होते, तेही खोटे नव्हते. तरी टिपणीसांना कुठेतरी टोचत राहिलं. पनवेलच्या वाटेला लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं. बांधपाड्यात जो भेटला त्यानं एकच गोष्ट विचारली होती. पौर्णिमेचं उधाण येतंय, उघाडीचं काय? पोराटोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत साऱ्यांनी. विचारलं नाही ते फक्त राखणदाराच्या बायकोनं.

४

पौर्णिमा उद्यावर आली. अलिबागहून निरोप आला, आरोपीला हजर करा. टिपणीसांचं जेवण तुटलं, म्हणजे खरोखरच तुटलं. सुरमईचा तुकडा ताटात तसाच राहिला, आणि हे लग्नापासून पहिल्यांदा घडलं. अनंतानं खून केला नाही अशी त्यांची खात्री होती. पण खात्री अलिबागला धाडता येत नाही. जिवंत नाहीतर मेलेला, काशीराम तरी हवा होता. खाडी तर होड्या घालून सगळी चाळून झाली होती.

पौर्णिमेच्या सकाळी ते दोन शिपाई आणि बेड्या घेऊन बांधपाड्याला गेले. बेड्या शिपायाच्या पिशवीत वाजत होत्या आणि प्रत्येक आवाजाला टिपणीस मागे वळून त्याच्यावर डोळे वटारत होते.

हौसाबाईच्या दारी आले तर घरभर भाजलेल्या बोंबलाचा वास. अनंता जेवायला बसला होता. हौसाबाई नुकतीच बाहेर पडत होती. कमरेवर लहानशी टोपली, टोपलीत झाकलेलं ताट.

"कुठे निघालात, आजी?"

"बांधावर, सायेब. जगनला ताट न्यायचं. रोजचंच हाय."

"जाऊ द्या तिला," मागून गावचा एक म्हातारा हळूच म्हणाला. "नवस हाय तिचा. जगन गेला ना, तवा ही बोलली. जो गेला त्यानं उरलेल्याला राखावं, अनंता घरी येईतवर मी त्याला रोज जेवू घालीन. पाऊस असो, तापानं फनफनलेली असो, तिचं ताट चुकलं नाय. जगनला सुका बोंबील लई आवडायचा. रोज बोंबील भाजून नेते बिचारी."

हौसाबाई त्यांच्या अंगावरून पुढे गेली. टिपणीसांनी तिला वाट दिली, आणि नकळत, सवयीनं, श्वास ओढला. आयुष्यभर मासळीच्या वासावर जगलेलं ते नाक. मासळी शिळी की ताजी, शेजारच्या घरी काय शिजतंय, हे सांगणारं. घरातून येणारा बोंबलाचा वास त्यांच्या नाकात होता. टोपली अगदी हाताच्या अंतरावरून गेली आणि टोपलीला बोंबलाचा वास नव्हता. भात होता. वालाचं बिरडं होतं, त्यात ओलं खोबरं होतं. मासळी नव्हती.

टिपणीस जागच्या जागी थांबले.

"अनंता येईपर्यंत," ते स्वतःशीच पुटपुटले. "आणि अनंता तर आला."

नवस फिटून आठवडा होत आला होता. तरी ताट जात होतं. आणि घरात बोंबील भाजलेला असून, बोंबलावर जीव टाकणाऱ्या पोराच्या ताटात बोंबील नव्हता. ते ताट जगनचं नव्हतंच. ज्याला मासळी चालत नाही अशा कुणाचं तरी होतं. गावाला दाखवायला म्हणून दोन बोंबील वर ठेवायला काय लागत होतं तिला? पण माळकऱ्याच्या भाताला मासळीचा वास लागू द्यायचा, हे त्या बाईच्या हातून झालं नसतं. पोराचा जीव टांगणीला असतानासुद्धा नाही.

आणि त्या सकाळी बांधावर कोण गेलं होतं, याचंही उत्तर त्यांना मिळालं. कोणीच नाही, असं दहा घरं शपथेवर सांगत होती, कारण हौसाबाई रोजच जायची. रोज दिसणाऱ्या माणसाची कोणी आठवण ठेवत नाही.

"साहेब, बेड्या काढू?" शिपायानं विचारलं.

"गप्प बस," टिपणीस म्हणाले आणि बांधाच्या दिशेनं जवळजवळ पळतच सुटले.

त्या घाईत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दिसलं असतं, की ओटीवरचं अनंताचं ताट अर्ध्यावर होतं, अनंता जागेवर नव्हता, आणि वळचणीला खोचलेला कोयताही.

५

मिठागरांचा हंगाम सुरू व्हायला अजून अवकाश होता. बांधाच्या टोकाला कामकऱ्यांची एक खोपी होती, झावळ्यांनी शाकारलेली, ओसाड. मेलेला माणूस शोधायचा म्हणून सगळं गाव पाण्यात बघत बसलं होतं. खोपीत कोणी डोकावलंच नव्हतं. त्यात टिपणीसही आले.

ऊन डोक्यावर येत होतं. खाडीचं पाणी चढायला लागलं होतं. हौसाबाई उघाडीपाशी थांबली नाही, पुढे गेली, खोपीच्या दाराशी वाकली. टिपणीस धापा टाकत पोचले तेव्हा आतून एक माणूस ताट घ्यायला हात पुढे करत होता. गळ्यात तुळशीची माळ. गुडघ्यापर्यंत पाय चिखलानं माखलेले.

"काशीराम," टिपणीस म्हणाले. "मेलेल्या माणसानं रोज फळ्या लिंपू नयेत. लोकांच्या लक्षात येतं."

काशीराम खाली बसला. "मी नाय तर कोन बघनार, सायेब? पीक उभं हाय समद्यांचं."

टिपणीसांना एकदम सुटल्यासारखं वाटलं. बेड्या आता वाजल्या तरी चालणार होत्या. त्यांनी टोपी काढून घाम पुसला. तेवढ्यात त्यांच्या मागून सावली पुढे आली.

अनंता होता. हातात कोयता.

"आयेनं आज जगनच्या वाटचा बोंबीलपन मनाच वाढला," तो शांतपणे म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणून टिपणीसांना भीती वाटली. "रोजच वाढत होती. मनात आलं, मग जगन काय खातो? सायेब, तुमी बाजूला व्हा. मना तुमच्याशी काम नाय."

शिपाई अजून अर्ध्या बांधावर होते. टिपणीस दारात आडवे झाले खरे, पण त्यांचं पोट पुढे आणि लढाईतून आलेला तो गडी, त्यांना ढकलायला त्याला काही कष्ट पडणार नव्हते. त्याआधी हौसाबाई मधे आली. तिनं कोयत्याचं पातं सरळ हातात धरलं.

"सोड, आये. हात कापेल."

"कापू दे. मारायचंच असंल तर मना मार. जगनला उघाडीवर मी धाडला."

६

भरतीचं पाणी फळ्यांवर आपटत होतं. हौसाबाई बोलत होती आणि पातं तिनं सोडलं नव्हतं.

"त्या रातीला ठमाचं पोर आडवं आलं. माज्या हातानं सुटंना. दोघं जातील अशी वेळ. पनवेलचा डाक्टर आनायचा तर होडी पाहिजे, आनी चालती होडी एकट्या काशीराम भावजींची. ते राखनीवर. मीच घरी पळत आले. जगन जेवत होता. म्हटलं, ऊठ, तू उघाडीवर बस, काकाला म्हन होडी काढ. तो अर्ध्या ताटावरनं उठला, अनंता. बोंबील तसाच टाकून. भावजींनी डाक्टर आनला. पोर जगली, ठमा जगली. आनी मी हात धुवून बाहेर आले, तवा लोक मना काय सांगायचं ते बोलत होते."

अनंता काशीरामकडे वळला. "गाव तीन वर्षं तुला शिव्या घालतंय. तू का नाय बोललास?"

"काय बोलू?" काशीराम म्हणाला. "तुजी आये रोज ताट घेऊन येते. मी उघाडीवर असतो, बघतो. तिला गावानं म्हनायचं का, तूच पोराला मरायला धाडलास? माजी भागी घरात खेळते. शिव्या खायला मना काय जातंय?"

"तू सांगितलास की भावजींना मारायला आलोय," हौसाबाई लेकाला म्हणाली, "समद्या गावात. मीच भावजींच्या हातापाया पडले, की दडा. पंचा मी टाकला, काठी मी मोडली. मना वाटलं, पान्यानं नेला म्हटल्यावर तुजा राग निवंल, तू मोकळा होशील. तुज्या मानेला फास लागंल, हे या येडीला कुठं समजतंय? रोज वाटायचं सायबाला सांगावं. मग वाटायचं, भावजी जिता हाय हे कळलं तर तू मारशील. सांगितलं तरी तू जातोस, नाय सांगितलं तरी जातोस. काय करू मी?"

तिच्या तळहातातून रक्ताची बारीक रेघ मनगटावर उतरली होती. अनंतानं ती पाहिली आणि कोयता सोडला. तो चिखलात पडला. अनंता तिथंच उकिडवा बसला, दोन्ही हात डोक्यावर घेऊन, आणि लहान पोरासारखा रडला. इतकी वर्षं ज्याच्यावर जगलो ते ओझं होतं, हे त्याला ते उतरल्यावरच कळलं. टिपणीसांनी आपला रुमाल काढून हौसाबाईच्या हाताला बांधला. नाक ओढण्याचा जो आवाज झाला तो त्यांचा स्वतःचा होता, पण शिपाई पोचलेले नव्हते म्हणून बरं.

सगळ्यात आधी भानावर आला काशीराम. तो बाहेर पाण्याकडे पाहत होता.

"उधान चढतंय," तो म्हणाला. "वरची फळी बसवायची राहिली."

तो उठला आणि बांधावरून उघाडीकडे चालू लागला. एकट्याच्यानं वरची जड फळी बसत नाही. इतके दिवस तो ती कशीबशी खांद्यानं रेटत होता. टिपणीस जाऊ का नको करत होते, तेवढ्यात अनंता उठला. त्यानं ते खिळ्यांचे बूट काढून बांधावर ठेवले आणि पाण्यात उतरला. फळीचं एक टोक काशीरामनं धरलं, दुसरं त्यानं. ज्या जागी भाऊ गेला त्याच जागी तो छातीएवढ्या पाण्यात उभा होता आणि फटीत चिखल दाबत होता. पाणी फळ्यांना भिडलं, थोडा वेळ धडका देत राहिलं, मग तिथंच तुंबून राहिलं. आतलं भात कोरडं उभं होतं.

बांधावर गाव जमलं होतं. मेलेल्या काशीरामला पाहून एक-दोघांनी रामनाम घेतलं. देवजी सगळ्यांच्या मागे उभा होता. ठमाबाई भागीला कडेवर घेऊन आली आणि नवऱ्याला चिखलासकट बघून आठवड्यात पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

"आता यात गुन्हा काय लिहायचा, साहेब?" शिपायानं बेड्यांची पिशवी हलवत विचारलं.

"लिही, बेपत्ता इसम आपल्या कामावर मिळून आला. आणि ती पिशवी वाजवू नकोस."

ते परत निघणार, तेवढ्यात हौसाबाईनं त्यांना अडवलं. रुमाल बांधलेल्या हातानंच. "जेवल्याबिगर जायचं नाय. सायेब, तुमी आल्यापासनं बघते, तुमची नजर माज्या चुलीवर असते."

टिपणीसांनी आढेवेढे घेतले नाहीत.

हौसाबाईच्या ओटीवर ओळीनं ताटं मांडली गेली. भात, बिरडं आणि खरपूस भाजलेले बोंबील. एक ताट तिनं वेगळं ठेवलं, बोंबील दोन ठेवून, केळीच्या पानानं झाकून. ते जगनचं. काशीराम मात्र अंगणाच्या कडेला उभा होता, पुढे यावं की नाही ते न कळून. तीन वर्षांत या ओटीवर तो चढला नव्हता.

अनंता उठला. चुलीपाशी जाऊन त्यानं एक कोरं ताट घेतलं, आधी हात स्वच्छ धुतले, मग भात वाढला, बिरडं वाढलं, बोंबलाच्या परातीपासून ताट लांब धरून बाहेर आणलं आणि स्वतःच्या ताटाशेजारी ठेवलं.

"काका," तो म्हणाला, "या. भात निवतोय."